पहाटे तीनची कोंडी

अहवालाच्या एकशेबाराव्या पानावर रेन्स्के फेल्टहाउसला पहाटे तीन वाजताची वाहतूक कोंडी सापडली.

रविवार, सोळा ऑक्टोबर. वेस्टरहेमपाशी हायवेवरच्या गाड्यांचा वेग पहाटे तीनला शून्य, चारला शून्य, पाचलाही शून्य. खालच्या तक्त्यात बारा तारखेपासून बावीस तारखेपर्यंत लाल रंगाचा सलग पट्टा ओढलेला होता. म्हणजे अहवालाचं म्हणणं असं, की अकरा दिवस नि अकरा रात्री वेस्टरहेमजवळ हजारो गाड्या जागच्या हलल्याच नाहीत. माणसं गाडीतच जेवली, गाडीतच झोपली, आणि एकाही वर्तमानपत्राला त्याचा सुगावा लागला नाही.

आणि या अहवालाच्या पहिल्या पानावर लेखिका म्हणून तिचंच नाव होतं.

तिने ते पान तीनदा वाचलं. मग अहवाल मिटला, खिडकीशी जाऊन उभी राहिली, पुन्हा येऊन उघडला. पट्टा तिथंच होता.

वेस्टरहेमचं दुखणं जुनं. गावातून एक चढरस्ता हायवेला येऊन मिळतो. सकाळी सव्वासातच्या सुमाराला त्या चढावरून गाड्यांचा लोंढा एकदम हायवेत घुसतो. हायवेवरचा एखादा जण दचकून ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जरा जास्त जोरात मारतो, त्याच्या मागचा आणखी, आणि विसावी गाडी पार उभीच राहते. पुढची मंडळी केव्हाच निघून गेलेली असतात, पण ती थांबण्याची लाट मागे मागे सरकत राहते, थेट अकरा किलोमीटरवरच्या पुलापर्यंत. पुलावर अडकलेल्या माणसाला ना अपघात दिसतो, ना खोदकाम. तो आपला कपाळावर आठ्या घालून बसतो आणि सरकारला शिव्या देतो.

रेन्स्केने बावीस वर्षं या लाटांचाच अभ्यास केला होता. रस्त्यावरची प्रत्येक गाडी तिने कॉम्प्युटरात उतरवली होती, घाबरट चालक आणि उतावळे चालक धरून. त्या मांडणीतून तिने एक साधा उपाय काढला. चढावर एक दिवा बसवायचा. हिरवा झाला की एकच गाडी जाणार, पुन्हा लाल. आणि गर्दीच्या वेळी हायवेवरच्या पाट्यांवर ऐंशीची मर्यादा लावायची. हळू चाला म्हणजे लवकर पोचाल, असं ती सांगायची, आणि ऐकणारा तिच्याकडे संशयाने बघायचा.

प्रादेशिक रस्ता मंडळाने तिला सहा आठवड्यांची चाचणी करू दिली. ते सहा आठवडे ती रोज सकाळी साडेसहाला केशरी जाकीट घालून चढाच्या कडेला उभी राहिली. पाऊस, वारा, आणि काच खाली करून बोलून जाणारे लोक, तिने सगळं अंगावर घेतलं. बारा ऑक्टोबरला गवत कापणाऱ्या यंत्राने रस्त्याकडेच्या मोजणीच्या पेटीची केबल तोडली. डांबराखाली पुरलेली तारेची वेटोळी गाड्यांचा वेग मोजतात. त्यातलं एक वेटोळं मुकं झालं आणि शून्य, शून्य, शून्य असं कळवत बसलं. दुरुस्ती व्हायला अकरा दिवस लागले. रेन्स्केने तुटक्या केबलचा फोटो काढला, त्या वेटोळ्याचे अकरा दिवस हिशेबातून बाजूला ठेवले, मागच्यापुढच्या वेटोळ्यांवरून काम भागवलं आणि तसं तळटिपेत स्वच्छ लिहिलं. निकाल आला तेव्हा सकाळी वाया जाणारा वेळ एक तृतीयांशाने कमी झालेला होता.

आता छापून आलेल्या अहवालात तो चाळीस टक्क्यांनी वाढला होता. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: चाचणी निष्फळ. दोन्ही बाजूंना एकेक लेन वाढवण्यावाचून पर्याय नाही.

त्या लेनसाठी एल्झन गल्लीतली नऊ घरं आणि गावाबाहेरच्या छत्तीस भाजीबागा जाणार होत्या.

ती उठली आणि सरळ हार्मेनच्या खोलीत गेली.

हार्मेन कोल्डवाइन हा सल्लागार संस्थेचा प्रमुख. बावीस वर्षांपूर्वी दोघांनी एकाच टेबलावर बसून पहिलं काम केलं होतं. तिचा घटस्फोट झाला त्या हिवाळ्यात त्याची बायको दर शुक्रवारी तिला वाटाण्याचं दाट सूप खायला बोलवायची आणि हार्मेन एक शब्द न विचारता वाडग्यात आणखी एक डाव वाढायचा. आत्ता तो टेबलाशी बसून जेवत होता. चीज घातलेला ब्रेड आणि ताक, नेहमीचंच.

"एकशेबारावं पान पाहिलंस?"

"बस तरी."

"पाहिलंस का?"

"पाहिलं." त्याने ब्रेडबाहेर आलेलं चीज बोटाने आत ढकललं. "अगं, मंडळाचं म्हणणं असं पडलं, की मोजणीतला एकही आकडा गाळायचा नाही. काय ठेवायचं नि काय गाळायचं हे आपण ठरवायला लागलो, तर लोक म्हणतील, सोयीचं तेवढं ठेवलं."

"हार्मेन, ती केबल तुटली होती. तुटलेली तार शून्यच सांगणार. उद्या तुझं थर्मामीटर फुटलं तर तू गार पडलास असं समजून तुला पुरायचं का?"

"तळटीप आहे ना."

"कुठे आहे? दाखव मला."

त्याने अहवाल उघडला नाही. त्यालाही माहीत होतं.

"पहाटे तीनला, रविवारी, वेग शून्य," ती म्हणाली. "शाळेतलं पोरसुद्धा हसेल. आणि अहवालावर नाव कुणाचं? माझं."

"एवढ्या आतलं कोण वाचतं, रेन्स्के? लोक शेवटचं पान वाचतात."

हे वाक्य तिच्या फार जिव्हारी लागलं. तो खोटं बोलत होता याचा तिला राग होताच, पण तो हे खरं बोलला होता.

"ते आकडे परत कुणी घातले?"

"मंडळाकडून तसंच आलं," हार्मेन म्हणाला आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

"मग माझं नाव काढ."

"छापून गेलंय सगळीकडे. आता नाव काढलं तर त्याचा बभ्रा होईल. एकतीस माणसं आहेत आपल्याकडे, निम्मी मंडळाच्याच कामावर. त्यांच्याकडे बघ जरा."

तिने काचेतून बाहेर बघितलं. एकतीस माणसं आपापल्या पडद्याकडे बघत होती. दार उघडंच राहिलं होतं, सगळ्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

तिने मंडळाच्या संचालकाला, दीदरिक फान लून यांना, पत्र लिहिलं. चार पानं, सोबत तुटक्या केबलचा फोटो. नवव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. तुमच्या आस्थेबद्दल आभार. सर्व उपलब्ध माहितीचा समतोल विचार करण्यात आला आहे. 'समतोल' या शब्दावर तिची नजर अडकून राहिली. तुटलेली तार एका पारड्यात आणि धडधाकट तारा दुसऱ्या पारड्यात, असा तो समतोल.

जानेवारीत वेस्टरहेमच्या क्रीडागृहात लोकांची सुनावणी ठेवली होती. ज्याला रस्त्याबद्दल काही म्हणायचं असेल त्याने यावं, तीन मिनिटं बोलावं.

"तू जायचं नाहीस," हार्मेनने सांगितलं. "संस्थेतर्फे मी फान लूनशी बोललोय."

"मी संस्थेतर्फे जातच नाहीये. अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय."

"रेन्स्के, हे तुला महागात पडेल."

"स्वस्तात काय पडतंय आत्ता?"

क्रीडागृहाच्या जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा होत्या आणि त्यावर खुर्च्या मांडलेल्या. दाराशी एक म्हातारी बाई कॉफी देत होती. कॉफीसोबत डब्यातलं एक बिस्किट काढून द्यायची आणि डबा पुन्हा घट्ट लावायची. दीडशे माणसं आली असावीत. बहुतेकांच्या छातीवर 'लेन हवीच' असं लिहिलेला हिरवा बिल्ला. भाजीबागांची मंडळी एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, गावजेवणात चुकून शिरल्यासारखी.

रेन्स्के कॉफी घेऊन वळली तर समोर एक धिप्पाड माणूस उभा. त्याच्याही छातीवर हिरवा बिल्ला होता.

"केशरी जाकीट," तो म्हणाला. "तुम्हीच ना त्या? दिव्याच्या बाई."

"मीच."

"युरे बोत्स्मा. दुधाचा टँकर चालवतो. तुमच्या त्या दिव्यापाशी सहा आठवडे सडलोय मी. दुसऱ्या फेरीला बरोब्बर गर्दीत सापडायचो. एकदा तर पाच मिनिटं. पाठीमागे पंचवीस हजार लिटर दूध आणि समोर लाल डोळा."

"आठवतंय. तुम्ही काच खाली करून बोलला होतात."

"काय बोललो होतो?"

"ते इथे चारचौघांत सांगत नाही."

युरे जरासा हसला. "असेन बोललो. पण बाई, एक सांगा. रस्ता रुंद केला की संपलं ना? दिवा कशाला मधे?"

"चार वर्षं बरं वाटेल. मग त्या रुंद रस्त्यावर आणखी गाड्या येतील आणि पुन्हा तेच. कोंडी जागेपायी होत नाही हो नेहमी. कुणीतरी दचकून ब्रेक मारतो, त्यापायी होते." ती थांबली. "तुम्ही पुढच्या गाडीच्या मागे किती अंतर ठेवता?"

"मी? भरपूर. टँकरमधलं दूध हिंदकळतं. जोरात ब्रेक मारला तर ते सगळं पुढे येऊन पाठीत गुद्दा घालतं. त्यापेक्षा लांबूनच पाय काढायचा, गाडी आपली वाहती ठेवायची."

"मी पण सगळ्या गाड्यांना तेच करायला लावत होते."

युरेने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "असेल," तो म्हणाला. "तरी दिवा मला आवडला नाही. माझं मत लेनलाच."

सुनावणीच्या अध्यक्षा तेर्प्स्त्रा बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. समोर वाळूचं घड्याळ ठेवलेलं. फान लून करड्या सुटात पहिल्या रांगेत बसले होते. आधी लेनवाले बोलले, मग भाजीबागेतला एक म्हातारा उठला. सत्तावीस वर्षं आपण तिथे लाल कोबी लावतो एवढंच सांगून तो तीन मिनिटं पुरी व्हायच्या आतच खाली बसला, पुढे त्याला बोलवेना. मग रेन्स्केचं नाव पुकारलं गेलं.

तिने तयारी केली होती, पण उभी राहिल्यावर ती रागाच्या भरात घाईघाईने बोलायला लागली. ती केबलबद्दल बोलली, वेटोळ्यांबद्दल बोलली, मागचंपुढचं वेटोळं गाड्या नव्वदने धावत असल्याचं सांगत होतं हेही बोलली. लोक घड्याळाकडे बघत होते. वाळू संपली.

फान लून उठले. आवाज शांत, समजूतदार.

"बाईंच्या भावना आम्ही समजू शकतो. त्यांनी या प्रयोगात जीव ओतला होता. पण त्या आज त्यांच्या संस्थेतर्फे आलेल्या नाहीत. आणि ज्या आकड्यांवर त्या शंका घेताहेत, ते त्यांच्याच नावाच्या अहवालात आहेत. आता आम्ही कुठल्या रेन्स्के फेल्टहाउसवर विश्वास ठेवायचा?"

सभागृहात हशा पिकला.

रेन्स्केच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातले कागद तिने खुर्चीवर ठेवले. तिच्या नावाने खोटं छापायचं, आणि मग तेच नाव तिच्या तोंडावर फेकायचं. एवढं निर्लज्ज काही तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"अध्यक्षबाई," ती म्हणाली, "माझी तीन मिनिटं संपली. मी आणखी बोलणार नाही. एकच मागणं आहे. ते एकशेबारावं पान पडद्यावर लावा. लोकांना बघू दे."

"त्याची काही गरज..." फान लून म्हणायला लागले.

"लावा," तेर्प्स्त्रा बाई म्हणाल्या.

पान पडद्यावर आलं. लाल पट्टा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला होता. लोक बघत राहिले. काही क्षण कुणालाच त्यात वावगं काही दिसेना. लाल म्हणजे कोंडी, आणि कोंडी तर सगळ्यांच्या ओळखीची. मग मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. युरे बोत्स्मा उभा राहिला होता.

"हे लाल म्हणजे गाड्या उभ्या, असंच ना?"

"वेग शून्य," फान लून म्हणाले.

"आणि हे खाली लिहिलंय ते वाजले किती? सोळा तारखेला, रविवारी, पहाटे पाचला गाड्या उभ्या?"

"मोजणी तसं दाखवते."

"मग मी कुठून गेलो? कालव्यातून?"

एकदोघे हसले. युरे हसत नव्हता.

"मी त्या दिवसांत रोज पहाटे पाचला तिथून गेलोय. रविवारीसुद्धा. गायींना रविवार नसतो. दूध भरायचं, हायवेला लागायचं, डेअरीत ओतायचं. तुमच्या या लाल पट्ट्यातून मी अकरा दिवस गेलो आणि मला एक गाडी आडवी आली नाही."

"आपल्या आठवणीबद्दल आदर आहे," फान लून म्हणाले, "पण तीन महिन्यांपूर्वीची एखादी पहाट..."

"आठवणीचं कोण बोलतंय? टँकर बाहेर उभा आहे. गाडी कधी निघाली, कधी थांबली, सगळं त्यातल्या यंत्रात असतं, वर्षभराचं. नाहीतर आम्हाला पोलीस जगू देतील का? अध्यक्षबाई, दहा मिनिटं द्या."

तेर्प्स्त्रा बाईंनी कॉफीची सुट्टी जाहीर केली. म्हातारीने डबा उघडला, दुसऱ्यांदा बिस्किट द्यावं की नाही याचा विचार केला आणि पुन्हा लावला. रेन्स्के जागची हलली नाही. ज्याने तिला तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट शिवी दिली होती तो माणूस तिच्यासाठी थंडीत टँकरमध्ये चढला होता, आणि बावीस वर्षांचा मित्र या सभागृहातही नव्हता.

युरे परत आला तो हातात दुकानाच्या बिलासारख्या कागदाच्या तीन लांबलचक पट्ट्या घेऊन. त्याने त्या अध्यक्षांसमोर पसरल्या.

"तेरा, सोळा आणि एकोणीस तारीख. बाकीच्याही काढतो, कागद संपलाय. हे बघा. सोळा तारीख, शेतावरून निघालो चार वाजून एकावन्न मिनिटांनी. डेअरीच्या फाटकात थांबलो पाच वाजून वीस. मधे एकही थांबा नाही. अंतर चौतीस किलोमीटर, इथल्या कुणालाही विचारा. एकोणतीस मिनिटांत चौतीस किलोमीटर. उभ्या गाड्यांमधून."

तेर्प्स्त्रा बाईंनी चष्मा चढवून पट्टी वाचली. मग दुसरी. मग तिसरी.

"एका टँकरच्या नोंदीला आकडेवारी म्हणता येत नाही," फान लून म्हणाले. त्यांचा आवाज अजून शांत होता, पण जरा घाईत आला होता.

"नसेल," युरे म्हणाला. "मी काही शिकलेला नाही. माझ्या छातीवरचा बिल्ला बघा साहेब, मला लेनच हवीय. या बाईंचा दिवा मला नकोच होता. पण लेन हवी तर खरं सांगून मागा. माझ्या रोजच्या रस्त्याबद्दल मलाच खोटं सांगता? आणि आम्ही इथे बसून टाळ्या वाजवायच्या?"

सभागृहात कुणी हसलं नाही. भाजीबागांच्या कोपऱ्यात तो लाल कोबीवाला म्हातारा उठून उभा राहिला, नुसताच उभा. मग त्याच्या शेजारची बाई उभी राहिली. हिरव्या बिल्ल्यांतल्या एका माणसाने विचारलं, "बाकीची पानं पण अशीच आहेत का?" आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले.

तेर्प्स्त्रा बाईंनी त्याच आठवड्यात बाहेरच्या जाणकारांकडून फेरमोजणीचा आदेश दिला. मार्चमध्ये ती झाली. वाया जाणारा वेळ एक तृतीयांशाने कमी, अगदी रेन्स्केने लिहिलं होतं तसं. प्रांताच्या सभेने लेनचा निर्णय दोन वर्षं पुढे ढकलला आणि तोवर चढावर दिवा लावायचं ठरवलं. एल्झन गल्लीतल्या लोकांनी त्या वर्षी घरांना रंग दिला. फान लून यांनी वर्तमानपत्राला सांगितलं, की तांत्रिक त्रुटीचा मूळ निर्णयावर काहीही परिणाम झालेला नव्हता. ते आपल्या जागेवरच राहिले.

हे सगळं होऊनही रेन्स्केला एक गोष्ट झोंबत होती. फेरमोजणीवाल्यांनी मंडळाकडे तिची मूळ माहिती मागितली तेव्हा मंडळाने ती दिली, आणि त्यात अकरा दिवस बाजूला ठेवलेले होते. तळटीपही होती. म्हणजे ते आकडे मंडळाने परत घातलेच नव्हते.

ती हार्मेनच्या खोलीत गेली आणि या वेळी दार लावून घेतलं.

"तूच घातलेस."

हार्मेनने टेबलावरचे कागद सरळ केले. समोर अहवालाची सुधारित आवृत्ती पडली होती, तिच्या सहीसाठी.

"फान लूनने फोन केला होता," तो म्हणाला. "असं कर म्हणाला नाही. नुसतं म्हणाला, निकाल फार चांगला आलाय, काही राहून तर गेलं नाही ना, बघा. मी समजायचं ते समजलो. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"म्हणून माझ्या नावाखाली केलंस."

"तुझ्या नावावर लोकांचा विश्वास आहे."

"होता," रेन्स्के म्हणाली. "हशा पिकला तेव्हा तू तिथं असायला हवं होतंस. दीडशे माणसं हसली. आणि एक दूधवाला उठला, ज्याला माझं नावसुद्धा धड माहीत नव्हतं."

"मी चुकलो, रेन्स्के. पण ही नवी आवृत्ती बघ, सगळं दुरुस्त केलंय."

तिने बघितलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: मोजणी यंत्रातील बिघाडामुळे पूर्वीच्या आवृत्तीत चूक राहिली होती. तिने पेन काढलं, 'मोजणी यंत्रातील बिघाडामुळे' या शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आम्ही जाणूनबुजून आकडे घातल्यामुळे'.

"असं छाप, मग सही करते."

"हे मी नाही छापू शकत. संस्था बसेल."

"तार बिचारी तुटली होती, हार्मेन. तिने खोटं काही केलं नाही. तिच्या माथी कशाला मारतोस?"

सुधारित आवृत्ती लेखकाच्या नावाविना निघाली. रेन्स्केने एप्रिलच्या शेवटी संस्था सोडली. निरोपाला केक आणला होता. सहकारी एकेक करून येऊन हात मिळवून गेले. दोघांतिघांनी हळूच कानाशी सांगितलं, की तू बरोबर होतीस. हळूच, कानाशी. त्याने तिचा राग कमी झाला नाही, वाढलाच.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या एका गावच्या नगरपालिकेने तिला त्यांच्या चढाची मोजणी करायला बोलावलं. तिने एकच अट घातली. प्रत्येक वेटोळ्याचा प्रत्येक आकडा रोजच्या रोज लोकांसमोर ठेवायचा. जो बाजूला काढला तोही, आणि का काढला ते त्याच्यापुढे लिहून. नगराध्यक्षांनी विचारलं, एवढं सगळं बघणार कोण?

"टँकरवाले बघतील," ती म्हणाली.

त्या गावच्या पहिल्या सभेत ती आकडे समजावून सांगत असताना तिला शेवटच्या रांगेत हार्मेन दिसला. कोट अंगातच होता, टोपी मांडीवर. तो शेवटपर्यंत सगळं ऐकत बसून राहिला. सभा सुटल्यावर तो दाराशी जरा रेंगाळला. रेन्स्केने त्याला पाहिलं. मग तिने प्रश्न विचारणाऱ्या एका शेतकऱ्याकडे तोंड वळवलं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, सगळं समजावून सांगितलं.